क्रँकशाफ्ट, नग एक

खंडेनवमीला घरातल्या विळी-कात्रीपासून दारातल्या स्कूटरपर्यंत, वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू वाहायचं, हा माधवराव खांबेट्यांचा नेम होता. नेमात काही चूक नव्हती. चूक एवढीच झाली, की त्या वर्षी पूजेचं तबक घेऊन ते बसने लोणी काळभोरला गेले.

लोणीला रावसाहेबांचं गॅरेज होतं आणि गॅरेजमध्ये माधवरावांच्या मुलीच्या, नम्रताच्या, शर्यतीच्या गाडीचं इंजिन. नम्रता पाच दिवस हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करायची आणि शनिवार-रविवार गाडी पळवायची. मुलीने गाडी चालवावी हे माधवरावांना मान्य होतं. पण ही गाडी कुठे जातच नाही, एका वळणावळणाच्या रस्त्यावर गरगर फिरून निघाली तिथेच परत येते, आणि त्यासाठी आपली मुलगी विलायती पेट्रोल शोधत हिंडते, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. तरीही मुलीचं हत्यार ते आपलंच हत्यार. ते बिनपुजेचं कसं ठेवायचं?

इंजिन नुकतंच जोडून लोखंडी घोडीवर चढवलं होतं. रावसाहेब चहाला गेले होते. माधवरावांनी गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग आल्या अक्षता. आता देवाच्या मूर्तीला मस्तक असतं, तिथे वाहाव्यात. इंजिनाचं मस्तक कोणतं? बघतात तो वरच्या बाजूला एक गोल भोक उघडं, बरोबर तीर्थाच्या वाटीएवढं. जणू खास सोय केलेली. माधवरावांनी डोळे मिटले आणि एकही अक्षर न गाळता मंत्रपुष्पांजली म्हणत, मूठभर, चांगल्या भरल्या मुठीने, हळदीकुंकवाच्या अक्षता त्या भोकात वाहिल्या. हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दसरा झाल्यावर इंजिन सुरू करायचं ठरलं. नम्रताने बाबांना मुद्दाम बोलावलं. इंजिन गरजलं तसे माधवरावांचे हात आपोआप जोडले गेले. मग ते कण्हू लागलं. मग किंचाळलं. आणि आत कुणीतरी कपाट ढकलून पाडावं तसा आवाज होऊन जे गप्प झालं ते गप्पच.

रावसाहेब हे बोटात दोन अंगठ्या आणि गळ्यात मोबाईल घातलेले प्रतिष्ठित मेकॅनिक. त्यांनी इंजिन उघडलं, तेल ओढायच्या जाळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, त्याचा वास घेतला.

"म्याडम, तेल वर चढलंच न्हाय. जाळी बुजलीया."

"कशाने?"

रावसाहेबांनी बोट पुन्हा एकदा हुंगलं. त्यांनाही हे कसं सांगावं कळेना. "मसालेभात हाय," ते म्हणाले.

नम्रताने ते पिवळं-तांबडं शीत उजेडात धरलं. मग बाबांकडे पाहिलं. माधवरावांना वाटलं, आता पोर ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. पण ती नुसती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा. आणि प्लीज, यापुढे गाडीला हात लावू नका."

त्यांनीच बोट धरून चालायला शिकवलेली मुलगी! माधवराव पायरीवर बसले आणि त्यांनी रावसाहेबांना विचारलं, "नेमकं काय गेलं हो?"

रावसाहेबांनी काहीतरी वाकडंतिकडं, जड लोखंड उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "ह्यो गेला. क्रँकशाफ्ट. वर पिस्टन खाली-वर नाचत्यात, त्यांच्या नाचाचं फिरणं ह्यो करतो. तेल न्हाय मिळालं, म्हणून जळून चिरला."

"मग दुसरा आणू. त्यात काय?"

"दुसरा? ह्यो काय दुकानातला न्हाय, साहेब. म्याडमच्या इंजिनासाठी मापानं घडवून घेतलावता. घडवणारा माणूस गेला आस्ट्रेलियाला."

आणि शर्यत होती जानेवारीत, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर. गाडी नसली तर नम्रताची जागा तेजस नावाच्या मुलाला मिळणार होती. त्याची गाडी तयार होती, आणि मुख्य म्हणजे त्याच्या वडिलांना पूजेअर्चेचा नाद नव्हता.

"नमू, तुझ्या शर्यतीआधी हा क्रँकशाफ्ट मी आणून देईन," माधवराव उभे राहत म्हणाले. हे वाक्य ते फार गंभीरपणे बोलले. पण मांडीवरचं लोखंड त्याच वेळी पायावर पडल्यामुळे वाक्याचा शेवट जरा वेगळा झाला.

*

तो चिरलेला क्रँकशाफ्ट उपरण्यात गुंडाळून, खांद्याला लावून, माधवराव पुण्यात हिंडू लागले. बसमध्ये कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट फाडलं. स्वारगेटला एका बाईने "बाळ झोपलंय वाटतं" म्हणून त्यांना उठून जागा दिली आणि उपरण्याची घडी बाजूला सारून आत डोकावल्यावर ती जागा परतही मागून घेतली.

पहिला सल्ला शेजारच्या आगाशांनी दिला. आगाशे निवृत्त होते आणि सल्ला देणं ही त्यांची पूर्णवेळ नोकरी होती. "बुधवारात जा हो. बुधवार पेठेत मिळत नाही ती वस्तू जगात निघालेली नाही."

बुधवारातल्या दुकानदाराने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "काय?"

"असा एक हवा होता." माधवरावांनी उपरणं उलगडलं.

दुकानदाराने पाहिलं. "इथे रेडिओचे भाग मिळतात. पाटी बाहेर आहे. वाचता येतं ना?"

"नाही, म्हटलं कुठे मिळेल याची कल्पना..."

"कल्पनाही मिळत नाही," दुकानदार म्हणाला आणि पान उलटलं.

सुहासिनीबाईंचं, म्हणजे माधवरावांच्या पत्नीचं, मत असं पडलं, की मुलीचं शांतपणे लग्न करून दिलं असतं तर हा दांडाच जन्माला आला नसता. संसारात काही मतं नुसती ऐकून घ्यायची असतात, सकाळच्या भूपाळीसारखी.

मग आगाशांनी दुसरा सल्ला दिला. आता जग जवळ आलंय, उदारीकरण झालंय, सरळ विलायतेला ई-मेल करा. दोघं मिळून सायबर कॅफेत गेले. माधवरावांनी आयुष्यभर वापरलेल्या सरकारी इंग्रजीत मजकूर सांगितला आणि आगाशांनी एका बोटाने तो टाइप केला. नम्रताच्या कपाटातलं मापांचं चित्रही जोडलं. विलायतेतल्या त्या क्रँकशाफ्टवाल्या कंपनीचं उत्तर आलं तेव्हा माधवराव ते वाचून खुर्चीतच खचले. आगाशांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

कंपनीने फार नम्रपणे लिहिलं होतं, की असा दांडा आम्ही अवश्य करून देऊ. पण विलंब लागेल, कारण आम्हाला तापवून-ठोकून घडवलेला कच्चा दांडा ज्या कारखान्याकडून येतो तो भारतात, पुणे नावाच्या शहरात आहे आणि सध्या तिथे दिवाळी नावाच्या सणाची सुट्टी आहे.

"म्हणजे आपल्याच सणामुळे..." आगाशे म्हणाले.

"बोलू नका," माधवराव म्हणाले. एकाच हंगामात दुसऱ्यांदा त्यांचा धर्म त्यांच्या मुलीच्या इंजिनात आडवा आला होता.

*

पण एक झालं, ठिकाण कळलं. दिवाळी संपताच माधवराव उपरण्यातल्या दांड्यासह त्या कारखान्याच्या फाटकावर हजर झाले. आत डोंगर फोडल्यासारखे घणाचे आवाज येत होते. जमीन हादरत होती. कुंपणापलीकडे, देवा रे, क्रँकशाफ्टच क्रँकशाफ्ट! लाकडाच्या वखारीत ओंडके रचावेत तसे रचलेले. साऱ्या जगाच्या गाड्या ज्यावर फिरतात ते सगळं इथे, आपल्या गावात, आणि आपण पेठेपेठेतून भीक मागत हिंडतोय! माधवरावांचा ऊर अभिमानाने भरून आला आणि लगेच रिकामा झाला, कारण समोर विक्री विभागाचे डबीर येऊन उभे राहिले होते.

"किती पाहिजेत?"

"एक."

"एक काय? एक हजार? एक कंटेनर?"

"एक."

डबीरांनी त्यांच्याकडे, मग उपरण्याकडे पाहिलं. "आजोबा, आम्ही टनात बोलतो."

"टनात बोला हो, पण द्या एकच. मुलीसाठी हवाय."

"मुलीला क्रँकशाफ्ट देतात हल्ली?" डबीर गेले आणि फाटक बंद झालं.

माधवराव फाटकाबाहेर बराच वेळ उभे होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नम्रताला फोनवर सांगितलं, "प्रयत्न चालू आहे." ती "हं" म्हणाली. दांडा लवकर आला नाही तर तेजसचं नाव शर्यतीच्या यादीत चढणार, हे तिने त्यांना सांगितलं नाही, रावसाहेबांनी सांगितलं. आणि मग पहिल्यांदाच माधवरावांना जेवण गेलं नाही. मुलीचं काही हरवलं तर बाप शोधून देतो. इथे हरवणारा बापच होता.

*

अशा वेळी माणूस जातो कुठे? कीर्तनाला. पेठेतल्या रामाच्या देवळात द्वारकानाथबुवांचं कीर्तन होतं. बुवा माधवरावांचे जुने स्नेही, आणि त्यांना माधवरावांनी सगळी हकीकत विश्वासाने सांगितली होती. कीर्तनकाराला विश्वासाने काही सांगणं हा त्या हंगामातला त्यांचा आणखी एक अपराध.

पूर्वरंग चांगला रंगला होता. विषय होता डोळस भक्ती. बुवांनी झांज थांबवली, पदर सावरावा तसं उपरणं सावरलं आणि म्हणाले, "मंडळी, दृष्टांत दूरचा कशाला? आपल्याच पेठेतले एक सद्गृहस्थ. नाव सांगत नाही. पहिल्या रांगेत बसलेत." सगळं देऊळ पहिल्या रांगेकडे वळलं. "त्यांनी काय केलं? यंत्राच्या पोटात अक्षता वाहिल्या! मूठभर! यंत्र म्हणालं, बाबा रे, मला तेल हवंय, तू नैवेद्य दाखवतोस! मंडळी, श्रद्धा जरूर वाहावी, पण भोक बघून वाहावी!"

देऊळ हसून हसून लवंडलं. पेटीवाल्याचा हात सुटून पेटी भलत्याच सुरात ओरडली. माधवरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावं असं फार वाटलं, पण मध्यंतरात श्रोत्यांना बुक्का लावण्याची सेवा गेली कित्येक वर्षं त्यांचीच होती. अपमान झाला म्हणून सेवा चुकवायची नाही, इतकं कीर्तनांनी त्यांना नक्की शिकवलं होतं.

मध्यंतर झालं. बुवांच्या गळ्यात हार पडला. माधवराव बुक्क्याची वाटी घेऊन रांगेने निघाले. प्रत्येक कपाळ अजून हसत होतं. एकेका कपाळाला अंगठा टेकत ते खांबाजवळ आले आणि तिथे त्यांचा काळा अंगठा हवेतच थांबला. डोळे मिटून, मान पुढे करून, भाविकपणे कपाळ अर्पण केलेला तो माणूस डबीर होता.

बुक्का लावून घेणाऱ्याला हलता येत नाही. माधवरावांनी अंगठा कपाळावर टेकवला आणि तो तिथेच ठेवला.

"एकच पाहिजे," ते म्हणाले.

डबीरांनी डोळे उघडले. "अहो! देवळात काय हे?"

"देवळातच. तुमच्या फाटकावर आत घेत नाहीत."

"मागे लोक थांबलेत!"

"थांबू द्या. माझी मुलगीपण थांबलीय."

डबीरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात काही आलं असावं. आवाज उतरवून ते म्हणाले, "म्हणजे ते... अक्षतावाले... तुम्ही?"

"मीच."

"आणि मी मघापासून केवढा हसलो!" डबीर ओशाळले. शेवटी कीर्तनाचा श्रोता. हसला तरी आतून ओला. "हे बघा, विकता येत नाही. नियम आहे. पण चाचणीसाठी घडवलेले दांडे असतात. ते नमुना म्हणून शैक्षणिक संस्थेला देता येतात, शिकवायला. तुमची एखादी संस्था आहे?"

"आहे की," माधवराव म्हणाले. "ही काय."

"ही? श्रीराम कीर्तनसेवा मंडळ?"

"रजिस्टर्ड आहे. लोकशिक्षण हाच उद्देश आहे, घटनेत लिहिलंय."

डबीरांनी कपाळावरचा अंगठा बाजूला करायचा प्रयत्न केला. जमला नाही. "बुवांना उद्या घेऊन या," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी द्वारकानाथबुवा 'प्राचार्य' या नात्याने, पगडीसह, कारखान्यात गेले. त्यांनी तिथल्या साहेबांना अर्धा तास घणाचं आणि गुरूचं साम्य समजावून दिलं. बाहेर पडताना माधवरावांच्या हातात फाटकाचा पास होता. पासावर टाइप केलं होतं: 'क्रँकशाफ्ट, नग एक. उपयोग: कीर्तन.'

दांडा मापाला आणायला भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेला. रावसाहेब रोज तिथे जाऊन मापं घेत आणि कारागिरांना शिव्या देत. सगळं जमल्यावर दांडा लोणीला न्यायचा म्हणून माधवराव रिक्षाने निघाले, तो जकात नाक्यावर हात आडवा आला.

कारकुनाने पास वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून दांड्याकडे पाहिलं. "कीर्तनाचं साहित्य?"

"पासावर तसंच लिहिलंय."

"माझे वडील टाळकरी होते. टाळ माहितीय, पखवाज माहितीय, चिपळ्या माहितीयेत. हे काय वाद्य?"

माधवराव आयुष्यात खोटं बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. त्यांनी उपरण्याने दांड्यावरची धूळ पुसली.

"वाजवून दाखवा," कारकून म्हणाला.

मागे ट्रकांची रांग लागली. माधवरावांनी दांडा दोन्ही टोकांना दोरी बांधून रिक्षाच्या दांडीला टांगला, रिक्षावाल्याचा पाना घेतला, रामाचं नाव घेतलं आणि हलकेच मारला. आणि काय सांगावं मंडळी! देवळातल्या घंटेसारखा, स्वच्छ, लांबलचक नाद निघाला. निकोप पोलाद असंच वाजतं, हे त्यांना नंतर रावसाहेबांनी सांगितलं. त्या क्षणी मात्र ते स्वतःच इतके चकित झाले, की त्यांनी पुन्हा मारला. मग सूर मनात बसला, आणि आवरलंच नाही. त्यांनी गजर धरला. एका ट्रकवाल्याने दरवाज्यावर ठेका धरला. कारकुनाने नकळत टाळी दिली आणि भानावर आल्यावर पासावर शिक्का मारला.

"जा," तो म्हणाला. "पण हे वाद्य काही खरं नाही."

*

डबीरांचा फोन आला तेव्हा दांडा इंजिनात बसायच्या बेतात होता. हिशेब तपासणीला फोटो लागेल, म्हणाले. वस्तू कीर्तनात वापरली जातेय असा. त्यामुळे एका गुरुवारी क्रँकशाफ्ट फुलांची माळ घालून देवळात चौरंगावर बसला, बुवांनी त्याच्याकडे हात करत आख्यान लावलं आणि रावसाहेब शेजारी पहारा देत बसले, कुणी काही वाहू नये म्हणून.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मंडळाच्या विश्वस्तांची सभा झाली आणि त्यांनी ठराव केला: वस्तू मंडळाची, ती जिथे जाईल तिथे मंडळाचं नाव ठळक दिसलं पाहिजे.

"ठळक म्हणजे किती?" नम्रताने विचारलं. ती इतक्या दिवसांनी बाबांशी एका वाक्यापेक्षा जास्त बोलत होती.

"बॉनेटभर," माधवराव चाचरत म्हणाले. "मी त्यांना दोन बोटांवर आणायला बघितलं, पण बुवांनी अक्षरांचा आकार स्वतः ठरवला."

नम्रताने डोळे मिटले. शर्यतीला येणाऱ्या गाड्यांवर टायरवाल्यांची, तेलवाल्यांची नावं असायची. "लावा," ती म्हणाली. "तेजसला जागा देण्यापेक्षा बरं."

*

चेन्नईजवळच्या त्या ट्रॅकवर माधवराव खिशात हात घालून उभे होते. कशालाही चुकून हात लागू नये म्हणून त्यांनी ते खिशातच ठेवले होते. गाड्या सुटल्या. घरात दूध उतू जाईस्तोवर जागची न हलणारी आपली मुलगी, ती ही? समोरून गाडी गेली की आधी वारा, मग आवाज, आणि गाडी केव्हाच वळणापलीकडे! एका वळणावर तिने दोघांच्या मधून अशी घुसवली, की माधवरावांनी शेजारच्या अनोळखी तमिळ गृहस्थाचा दंड धरला तो शर्यत संपेपर्यंत सोडला नाही.

प्रत्येक फेरीला ते आत कुठे खटाक होतंय का, ऐकत होते. होत नव्हतं. दांडा फिरत होता.

आणि लाउडस्पीकरवरून निवेदक, शब्द जिभेवर बसत नसतानाही, उत्साहाने ओरडत होता, "श्रीराम किरतन सेवा मंडल, चौथ्या नंबरवर! श्रीराम किरतन सेवा मंडल, मागे टाकतेय! तिसऱ्या नंबरवर!" सगळ्या प्रेक्षकांत त्या नावाचा अर्थ कळणारा एकच माणूस होता. तो रडत होता.

तिसऱ्या नंबरवरच शर्यत संपली. गाडी आत आली, वाफ सोडत, चुरचुरत. नम्रता बाहेर पडली, हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. रावसाहेब पाण्याच्या नळीकडे धावले होते. तिने बॉनेट उचललं, तर त्याला अडकवायची सळई मधेच तुटलेली. तिने आजूबाजूला पाहिलं.

"बाबा, बघत काय उभे राहिलात? धरा हे."

माधवरावांनी खिशातून हात काढले आणि बॉनेट दोन्ही हातांनी वर धरलं. पत्रा असा तापला होता, की तळहातांची साल निघायची वेळ आली.

"गरम आहे का हो?" आत वाकलेल्या नम्रताने विचारलं.

"छे," माधवराव म्हणाले, "तू तुझं सावकाश बघ."